रेंज नसलेली नदी

"रेंज नाही! वीज नाही! पुढे फक्त होडी!"

डोकमर्डीतल्या आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात शेजारी फोनवर इतका ओरडत होता, की तिकडे दुधनीच्या धरणातले मासेसुद्धा दचकले असतील. माझ्याच कंपनीतला हा माणूस बायकोला घेऊन ईशान्येकडच्या जंगलात नदीचं अभयारण्य बघायला निघाला होता. माझा साहेब मला अंघोळीतही फोन करतो, आणि हा आठवडाभर रेंजबाहेर राहणार! माझ्या पोटात बॉयलरच पेटला.

संध्याकाळी त्यांच्याकडे चहा पिता पिता मी हळूच पुडी सोडली, "वहिनी, त्या नदीवर मी जाऊन आलोय. केमिकलच्या टँकरएवढी मगर आमच्या होडीला पाठ घासत होती. मी बोंबलत पळालो, म्हणून आज तुमचा चहा पितोय." वहिनींचा कप हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी शेजारी पडेल आवाजात म्हणाला, "बायको नाही म्हणतेय. तिची जागा रिकामी झाली."

मी मनातल्या मनात बॅगसुद्धा भरली. "अरेरे! मग काय, तुझ्यासाठी मीच येतो, भाऊ."

"नको," तो म्हणाला. "मेव्हणा येतोय. तो मगरीला घाबरत नाही."