लेआचा परवाना आणि दोन सूर्यास्त

माझी श्रद्धा कधीच फार भक्कम नव्हती. नियम मात्र मी काटेकोर पाळत आले, आणि नियम पाळले की श्रद्धा आपोआप जमा होते, असा माझा समज होता. मागच्या हिवाळ्यात तो समज गळून पडला.

आम्ही मुंबईचे मराठी बोलणारे ज्यू, बेने इस्राएल. मी लग्नानंतर लंडनमध्ये एजवेअरला आले, धाकटी बहीण लेआ इस्राएलला गेली. म्हातारपणी आई माझ्याकडे होती. ती हॉस्पिटलात गेली तेव्हा डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, दोन-तीन दिवस. आई डोळे मिटून एकच विचारायची, "लेआ निघाली का गं?"

पूर्वी लेआला इथे यायला व्हिसाबिसा काही लागत नसे. बॅग उचलायची आणि यायचं. आता तिच्यासारख्यांनाही विमानात बसण्याआधी ऑनलाइन परवानगी घ्यावी लागते, तिला इथे ईटीए म्हणतात. लेआचा आणि कॉम्प्युटरचा छत्तीसचा आकडा. "ताई, तूच भर ना फॉर्म. ईमेल पण तुझाच दे," ती म्हणाली. पासपोर्टच्या पानाचा फोटो तिने पाठवला. तिच्या चेहऱ्याचा मात्र मी घाईघाईत भाच्याच्या लग्नातल्या ग्रुप फोटोतून कापून घेतला. शुक्रवारी दुपारी अर्ज पाठवला आणि तिला कळवलं, "बहुतेकांना लगेच मिळतं. तू शनिवारी संध्याकाळचं विमान धर." मग शब्बाथचे दिवे लावले, फोन बंद केला आणि खणात ठेवला. शब्बाथ म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी अंधार पडेपर्यंतचा आमचा विश्रांतीचा दिवस, त्यात आमच्या घरात फोनला कुणी हात लावत नाही.

जीव जात असेल तर नियम बाजूला ठेवता येतो, हे मलाही ठाऊक आहे. पण वाटलं, माझं काम मी केलं, आता देवाचं देवाने करावं. खरं सांगायचं तर ती श्रद्धा नव्हती, ऐट होती.

शब्बाथला गाडीत बसायचं नाही, म्हणून शनिवारी पाऊण तास चालत हॉस्पिटलात गेले. त्या दिवशी आईचं बोलणं थांबलं. अंधार पडला, शब्बाथ सुटला, घरी येऊन फोन चालू केला. अर्ज शुक्रवारीच नामंजूर झाला होता. फोटो चालत नाही, पुन्हा अर्ज करा. त्याखाली लेआचे मेसेजवर मेसेज. तिकडे सूर्य आमच्याआधी मावळतो. तिचा शब्बाथ सुटला, ती विमानतळावर पोचली, काउंटरवरून तिला मागे फिरवलं, आणि तेव्हा माझा फोन खणात होता. शेवटचा मेसेज होता, "ताई, फोन उचल ना. हे लोक सोडत नाहीयेत मला." मी फोन लावला तर तिचा बंद. पुन्हा अर्ज भरायला माझ्याकडे तिचा धड फोटोही नव्हता.

आमच्या घरातल्या बायका अडल्या-नडल्या की एलियाहू हन्नाबीला, म्हणजे अडलेल्याला अनोळखी माणसाच्या रूपात भेटतो म्हणतात त्या आमच्या प्रेषिताला, मलिद्याचा नवस बोलतात. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, फळं, असं ताट. आईने जन्मभर केला. त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात उभी राहून मी त्यालाच मोठ्याने म्हणाले, "इतकी ताटं खाल्लीस, आणि आज कुठे आहेस? यापुढे माझ्या घरचा एक पोहासुद्धा मिळायचा नाही तुला." मग ओट्याला धरून खूप रडले. आई लेकीची वाट बघत जाणार होती, आणि ते माझ्यामुळे होणार होतं. ती रात्र कशी गेली हे लिहिण्यात अर्थ नाही.

रविवारी दुपारी आईच्या खाटेजवळचा पडदा सरकला. लेआ उभी होती.

तिच्या फोनची बॅटरी संपली होती. नंबर पाठ कुणाला असतात आता? ती विमानतळावर बाकावर रडत बसली होती. तेव्हा एक म्हातारे गृहस्थ शेजारी बसले आणि चक्क मराठीत म्हणाले, "काय झालं, बाई?" त्यांनी आपल्याच फोनवर नवा अर्ज भरला, आपलाच ईमेल दिला. तिला पांढऱ्या भिंतीपाशी उभं केलं आणि म्हणाले, "रडू नका. फोटोत डोळे नीट उघडे लागतात." चहा संपायच्या आत परवानगी आली. पहाटेच्या विमानात जागा मिळाली. आभार मानायला ती वळली तेव्हा बाक रिकामा होता. तिकडे मराठी बोलणारी आपली माणसं पैशाला पासरी आहेत, हे मला माहीत आहे. म्हणून मी काही दावा करत नाही.

लेआने आईचा हात हातात घेतला. आईने डोळे उघडले नाहीत, पण बोटं घट्ट आवळली. त्याच संध्याकाळी आई गेली. बोटं लेआला सोडवावी लागली.

त्या परवानगीवर बरेच दिवस राहता येतं, म्हणून लेआ महिनाभर राहिली. निघण्याआधी आम्ही दोघींनी मलिदा केला. माझी लाज मला सोडत नव्हती. मी नवस बोलले नव्हते, काही मागितलं नव्हतं, उलट शिव्याच दिल्या होत्या. माझ्या हातात होतं तेवढं सगळं मी बिघडवून ठेवलं होतं, आणि तरीही आईच्या बोटांपर्यंत लेआचा हात पोचला.

लेआला मी विचारलं, दिसायला कसे होते गं ते? तिला काही आठवेना.

शुक्रवारी फोन खणात ठेवण्याआधी मी अजून दोन-तीनदा ईमेल उघडून बघते. पण ठेवते.