माल तयार, वाहणारे नाहीत

पुण्याला मुलाकडे निघाले तेव्हा रावेर स्टेशनावर अर्धी गल्ली मला पोचवायला आली होती. गाडीच्या दारात उभी राहून मी सगळ्यांना बजावलं, "चार गाजरं, दोन चमचे तूप. दिवाळीपर्यंत नातीचा चष्मा उतरवून परत येते!" काय तो साठीतल्या पोरीचा तोरा! धुळ्याची माझी आई असती तर म्हणाली असती, "तुले बठ्ठं ठाऊक शे, नै का!" सगळंच ठाऊक असलेली मी!

जाऊबाई, सईच्या डोळ्यांना नेमकं झालंय काय, असं तुम्ही दर फोनला विचारता. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तसं सांगते. डोळ्यातल्या एकेका पेशीला केसाहून बारीक टोक असतं, त्याला सिलिया म्हणतात. उजेड टिपला जातो तो तिथेच. पण त्या टोकात स्वतःचं काही बनत नाही. लागणारी प्रोटीनं पेशीत बनतात, मग ती वाहून न्यायची आणि तळाच्या फाटकातून आत पोचवायची. सईच्या पेशीत माल तयार आहे, वाहणारेच बिघडलेत. माल भलतीकडे साठत जातो आणि शेवटी पेशीच मरते.

अहो, जन्म केळीच्या बागेत गेला माझा. घड कापून बांधावर पडलेत, ट्रक उभा आहे आणि वाहणारी माणसं आलीच नाहीत, हे मला कोणी शिकवायला हवं? मी लगेच म्हटलं, "मग दुसरी टोळी लावा की! आम्ही सातपुड्याच्या पाड्यांवरून अशी आणतो!"

डॉक्टरीणबाई हसल्या. "आजी, तीच टोळी सापडत नाहीये अजून." सईही हसली. मग कुणीच हसलं नाही.

गाजरं मी अजून किसते. सई वाटी चाटून म्हणते, "आजी, तुझं औषध मस्त आहे, फक्त लागू पडत नाही!" दिवस कलला की ती लिफ्टपर्यंत भिंतीला हात लावून जाते. आजूबाजूचं दिसत नाही, समोरचं तेवढं दिसतं, नळीतून पाहावं तसं.

घरी कधी येता म्हणता. काय सांगू? ती बोलायला लागली की मी खुर्ची ओढून तिच्या अगदी समोर बसते. नळी अरुंद होत चाललीय, मला थांबवता येत नाही. अजून तरी मी त्या नळीत मावते. तेवढंच माझं घर.