मधु मेस्ताचं मोडलेलं गाऱ्हाणं

"रान राखताव म्हणतास आणि झाडा इकतास. मगे राखतास कित्याक रे? खाटीक बोकड राखता तसा?"

मधु मेस्ताने विचारलं आणि लबन-भाताचा, म्हणजे अरबी ताकातल्या भाताचा, घास तोंडात कोंबला. समोर फळ्यांच्या थप्पीवर नसरुद्दीन जेवत होता. तो टांझानियाचा, समुद्रापासून आत कुठल्याशा रानातल्या गावचा. वर्षभर मेस्ताच्या हाताखाली राहून त्याला मालवणी कळायला लागली होती. न कळून सांगतो कुणाला? मेस्त हिंदी बोलायचा ती मालापुरती. भांडण मात्र मालवणीतच, मग समोर बंगाली असो की नेपाळी. उष्ट्या भाषेतली शिवी लागत नाही, असं त्याचं म्हणणं.

नसरुद्दीनने हातातली रोटी खाली ठेवली. "मेस्त, तुझ्या रायेत देव ड्युटीवर," तो मोडक्या मालवणीत म्हणाला. "तू झोप."

बंगाली पोरं खिदळली. मेस्ताने त्यांच्याकडे नुसतं बघितलं, तशी ती गप्प झाली.

दोहाच्या इंडस्ट्रियल एरियातल्या त्या सुतारकामाच्या वर्कशॉपात हे भांडण रोजचंच होतं. मधु मेस्त दोडामार्गाच्या वरच्या अंगाचा. सत्त्याण्णव साली कतारला आला आणि रंधा मारता मारता फोरमन झाला. हातात कसब होतं, तोंडात खाजकुयली. त्याच्या खोलीत कुणी टिकत नसे. नवा माणूस आला की त्याला पत्र्याच्या तापलेल्या बाजूला उभा करायचा आणि आठवडाभर नुसता भुसा उचलायला लावायचा. कुणाचं भलं केलं असं त्याच्याबद्दल कुणी सांगितल्याचं ऐकिवात नाही. त्याला अभिमान एकाच गोष्टीचा, गावच्या राईचा. देवाची राई. तिच्यातली सुकी काटकी कुणी चुलीत घालत नाही. पहारा नाही, कुंपण नाही. घातली तर देव बघून घेतो.

नसरुद्दीनला हे ऐकून चीड यायची. त्याच्या गावचं रान आधी सरकारचं होतं, म्हणजे कुणाचंच नव्हतं. ट्रक यायचे आणि रान भरून न्यायचे. मग गावाने ते रान भांडून आपल्या ताब्यात घेतलं. आता घराघराची पाळी लागते, बायकासुद्धा राखणीला जातात. कुठलं झाड पिकलं, कुठलं पाडायचं, ते गाव बसून ठरवतं. पाडलेल्या ओंडक्याच्या एका तोंडावर गावचा हातोडा पडतो, त्याची खूण उमटते. खुणेशिवाय निघालं ते लाकूड चोरीचं. हत्तीही त्याच रानात राहतात. मक्यात शिरले तर मिरची घातलेल्या शेण्या पेटवून धूर करायचा आणि त्यांना परत धाडायचं. मारायचं नाही.

हत्ती म्हटलं की मेस्ताचं डोकं फिरायचं. दोन-चार वर्षांपूर्वी कर्नाटकाकडून हत्ती उतरले होते आणि त्यांनी त्याच्या माडांचा पार चिखल केला होता. त्याची आई मुक्ताबाई फोनवर दुसरं काही बोलतच नसे. शेणीच्या धुराची युक्ती ऐकून मेस्त म्हणाला होता, की हत्तीला धूप घालणारी जात त्याने पहिल्यांदाच बघितली. आईला मात्र त्याने ती सांगितली नाही. सांगितली असती तर नसरुद्दीनचं खरं मानल्यासारखं झालं असतं.

एका बाबतीत अख्खं वर्कशॉप मेस्ताच्या मुठीत होतं. नवं लाकूड करवतीला लावण्याआधी तो गाऱ्हाणं घालायचा. लाकडाला हात लावून, ते जिथे रुजलं तिथल्या राखणदार देवाचं नाव घेऊन सांगायचं, बाबा, तू दिलंस म्हणून आम्ही घेतलं, कामात कुणाचं बोट जाऊ देऊ नको. बाकीच्यांनी गोल उभं राहून म्हणायचं, 'व्हय म्हाराजा'. बंगाली म्हणायचे, नेपाळी म्हणायचे, पेशावरचा फजलही म्हणायचा. अर्थ कुणाला ठाऊक नव्हता, पण बोटं सगळ्यांना प्यारी होती. गाऱ्हाण्यावाचून बँडसॉच्या करवतीला कुणी हात लावत नसे. मेस्ताने एकदा फुशारकीने नसरुद्दीनला सांगितलंही होतं, की आमच्या गावात गोलातल्या एका माणसाने 'न्हय' म्हटलं तरी गाऱ्हाणं मोडतं, मग तो मानकरी असो की गुराखी. आणि मोडलेलं गाऱ्हाणं घालणाऱ्याच्या अंगावर येतं.

दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात दोहाजवळच्या मुऐदरमधल्या एका बड्या घराच्या मजलिसचा, म्हणजे पाहुण्यांच्या दिवाणखान्याचा, दरवाजा करायचं काम आलं. मालकाला आफ्रिकेचंच लाकूड हवं होतं, आणि ईदच्या आत. ओंडके उतरले ते आपल्याकडच्या बिवळ्याच्या झाडाच्या भावकीतले, तांबूस, जड, गोड वासाचे. मॅनेजर मायकल, वसईचा, आधीच घामाघूम झाला होता. त्याने सगळ्यांना जमवून सांगितलं, की या जॉबमध्ये जो आडवा येईल त्याचा व्हिसा खलास, पुढच्या विमानात बसवीन.

नसरुद्दीन ओंडक्यांभोवती फिरला. प्रत्येक ओंडक्याचं एक तोंड जुनं होतं, उन्हाने भेगाळलेलं. दुसरं ताजं, चार बोटं छाटलेलं. तो मेस्ताला म्हणाला, की गावाने पाडून खूण केलेले ओंडके कुणी पळवलेत आणि ओळख लपवायला खूण छाटली आहे, हे चोरीचं लाकूड आहे, माझ्याच भागातलं. आपण याला हात लावणार नाही.

मेस्त म्हणाला, लाकडाला काय पासपोर्ट असतो? भेगा पडल्या म्हणून व्यापारी तोंडं छाटतात. पण तो सुतार होता. भेगांसाठी छाटायचं तर दोन्ही तोंडं छाटतील, एकच कशाला? हे त्याला पहिल्या नजरेतच दिसलं होतं. तरी वर्षभराच्या भांडणात हार खायची तयारी नव्हती. याला आज सगळ्यांच्या देखत वाकवायचाच, असं त्याने ठरवलं.

बाहेरून आलेल्या लाकडाला तो एरवी म्हणायचा, 'जय रुजलंस थयच्या म्हाराजा', म्हणजे जिथे रुजलंस तिथल्या देवा, आणि मोकळा व्हायचा. त्या दिवशी त्याने खिशातली पेन्सिल काढून कानावर ठेवली, ओंडक्यावर हात टेकला आणि नसरुद्दीनकडे बघत आवाज चढवला.

"बा देवा म्हाराजा, ह्या नसरुद्दीनाच्या गावच्या राखणदारांनू, पाळयेन रान राखणाऱ्या बायलमाणसांनू, तुमचा ह्या लाकूड तुमी खुशयेन दिलास, म्हणान आमी घेतला..."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"न्हय म्हाराजा," नसरुद्दीन म्हणाला.

तो ओरडला नाही. फॅनचा आवाज होता, तरी सगळ्यांना ऐकू गेलं. असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. अर्थ कळायची गरजच नव्हती. बंगाल्यांनी हात मागे घेतले. फजल करवतीपासून दोन पावलं सरकला.

मेस्ताने नसरुद्दीनची गचांडी धरली. धरली, पण हात उगारता येईना. राखणदारांची नावं स्वतःच घेतली होती आणि खोटंही स्वतःच्याच तोंडाने बोलला होता. तेवढ्यात करवत बंद कशी म्हणून मायकल केबिनमधून धावत आला.

"काय नाटक आहे? कोणी थांबवलं काम?"

नसरुद्दीन तोंड उघडणार होता. मेस्ताने त्याला ढकलून बाजूला केलं.

"मी."

"मेस्त्री, डोकं ठिकाणावर आहे ना?"

"गाऱ्हाणा मोडला. लाकूड चोरयेचा आसा. मी कापूचंय नाय, माझ्या हाताखालचो कोण कापूचो नाय."

मायकलने आधी समजावलं. मग इंग्लिशमध्ये झाडलं. मग म्हणाला, की त्या आफ्रिकनने सांगितलं असेल तर तसं बोल, त्याला घालवतो, तुला काही होणार नाही. मेस्ताने नसरुद्दीनचं नाव घेतलं नाही. त्याने फक्त कानावरची पेन्सिल काढून मायकलच्या टेबलावर ठेवली.

ओंडके दुसऱ्याच दिवशी शेजारच्या वर्कशॉपात गेले. तिथे गाऱ्हाणं घालणारं कुणी नव्हतं. दरवाजा ईदच्या आत लागला, चांगला झाला म्हणतात. फोरमनकी फजलला मिळाली. हातातल्या कसबापायी मेस्ताला घरी पाठवलं नाही, मागच्या शेडमध्ये टाकलं, किचनच्या कपाटांवर. भुशाच्या फळ्या, वर प्लास्टिकचा कागद. तीन पिढ्यांच्या सुताराला ह्याहून मोठी शिवी नाही. तापलेली बाजूही तीच, जिथे तो नव्यांना उभा करायचा.

आठवड्याने नसरुद्दीन चहाचे दोन कप घेऊन त्या शेडमध्ये आला. "शुक्रन, मेस्त," त्याने अरबीत आभार मानले. मेस्ताने मान वर केली नाही. नसरुद्दीन हिंदीत सांगायला लागला, की गावी फोन केला होता, सगळं सांगितलं, गाव तुझं नाव काढतंय. मेस्ताने त्याला मध्येच तोडलं.

"तुझ्यासाठी केलंय असा समजा नको. गाऱ्हाणा माझा होता. मोडला ता माझा मोडला. मायकलाक तुझा नाव सांगलंय आसतंय, तर मोडूचो मान तुका गेलो आसतो. तेतूर तुझो वाटो नाय."

नसरुद्दीन तरी उभाच. त्याला काहीतरी बोलायचं होतं, पण मेस्ताला ऐकायचं नव्हतं. हत्तीवाल्या गावाने आपलं नाव काढावं ह्याचाच त्याला जास्त राग आला होता.

"आता इलंस तर चाय थय ठेव आणि फळयेचा दुसरा टोक धर," तो म्हणाला. "सरळ धर. हालय नको. रान राखूक येता, फळी धरूक येणा नाय."

नसरुद्दीनने टोक धरलं. मेस्ताने रेघ मारली, करवत चालू केली आणि फळी पुढे सरकवली. कपाटाच्या आठ दारांपैकी पाच अजून कापायची राहिली होती.