जपानच्या डोंगरावरून झालेली माझी फसवणूक

तमाम कोल्हापूरकरांना, आणि कोल्हापूर सोडून इकडे अमेरिकेत स्नो उपसत बसलेल्यांना, जड अंतःकरणाने कळवण्यात येते की जपानी लोक जलरंगातलं निसर्गचित्र इंग्रजांकडून शिकले. कृपया दोन मिनिटं उभं राहून शांतता पाळावी.

मी मात्र बसूनच सांगतो. अमेरिकेला निघालो तेव्हा कोल्हापूर स्टेशनवर गाडी सुटायच्या बेतात होती. आबांनी, म्हणजे माझ्या ड्रॉइंगमास्तर वडिलांनी, माझ्या बॅगेतली जलरंगांची पेटी काढून घेतली. "इंग्रजांची नक्कल तिकडं कशाला? जपानी माणसाकडं बघ. त्यानं डोंगर कुणाकडनं उसना आणला नाही." आई रडत होती ती माझ्यासाठी, मी रडत होतो पेटीसाठी.

डेट्रॉइटजवळ ट्रॉयला मोटारींच्या कंपनीत लागलो. जपानी गाड्यांनी धंदा खाल्लेला, त्यामुळे तिथे जपानचं नुसतं नाव काढलं तरी लंच टेबलावर भांडणं व्हायची, आणि मी आबांचं ऐकून घरी बेसमेंटमध्ये जपानी शाई घोटायचो! रंकाळ्याची संध्याकाळ काही केल्या शाईत उतरेना. शेवटी ब्रश ठेवला आणि लॉन मोअर धरला. पण आबांच्या शब्दावर शंका घेतली नाही. इतक्या लांब तेवढंच घर उरलं होतं.

पुढे आबा आमच्याकडे आले, तेव्हा थाटात ड्राइव्ह करून त्यांना डेट्रॉइटला जपानी निसर्गचित्रांच्या एक्झिबिशनला नेलं. बघतो तर एका दालनात शाई औषधालाही नाही, सगळे जलरंग! ओला रस्ता, गवती छप्पर, आभाळासाठी कोरा सोडलेला कागद. थेट आमचा पन्हाळा.

गाइडबाई सांगत होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काही इंग्रज चित्रकार जपानला गेले. त्यांचे जलरंग बघून तिथली पोरं वेडी झाली, पेट्या घेऊन गावोगाव हिंडली. शिकवणारी पुस्तकं निघाली, हौशी मंडळीही रंगवायला लागली. पूर्वी चित्रांत बहुतेक नावाजलेली ठिकाणं असत. आता साध्या बांधावरचा चिखलही आला. म्हणजे पेटी उसनी, पण चिखल त्यांचा स्वतःचा!

आबांना मराठीत सांगता सांगता माझा आवाज चढला. "आबा, तुम्हाला हे ठाऊक होतं?"

आबा चष्मा पुसायला लागले. "कॉलेजात शिकवलं होतं की."

ज्याला मी इतकी वर्षं घर म्हणत होतो, ते एका थापेवर उभं होतं तर! "मग माझी पेटी का काढून घेतलीत?"

गाइडबाईंसकट सगळं दालन आमच्याकडे वळलं, आणि आबा भर म्युझियममध्ये ओरडले,

"लेका, तू माझ्यापेक्षा चांगलं रंगवायला लागला होतास!"