वहिनीचे एकवीस ठोके

दोन हजार बावीस साल. मी तेव्हा चौऱ्याहत्तरचा.

घाटंजीकडच्या आमच्या लहानशा गावात मिशनच्या काळातलं चर्च आहे. ओसरीवर मनोरा, खालून उघडा. त्यातली घंटा ज्या आडव्या सागवानी लाकडाला टांगली आहे, ते माझ्या आज्यानं पांढरकवड्याच्या जंगलातून बैलगाडीनं आणलं. मी चौथी नापास, पण एवढा इतिहास मला पाठ आहे. घंटा चाळीस वर्षं मीच वाजवतो.

चर्चच्या मंडळीतलं कोणी वारलं की शवपेटी घंटेखाली ठेवायची, वयाएवढे ठोके द्यायचे, मगच उचलायची. शेतातले लोक, कोणत्याही धर्माचे असोत, ठोके मोजून ओळखतात कोण गेलं ते.

त्या पावसाळ्यात चर्चचे नवे पाळकसाहेब म्हणाले होते, "बाबा, लाकडाला वाळवी दिसते. सुताराला दाखवू."

मी म्हटलं, "साहेब, तुम्ही काल आले. माह्या आज्याच्या लाकडाले काही होत न्हाई."

कापूस वेचणीत माझी मोठी वहिनी गेली. ब्याऐंशी वर्षांची. लहान वयात लग्न होऊन आली, तिनंच मला वाढवलेलं. दुपारी पेटी ओसरीवर आली, लेकी-नातवंडं पेटीला टेकून बसली. मी दोर ओढू लागलो.

विसाव्या ठोक्याला मनगटावर भुसा पडला. चाळिसाव्याला वर कडकन वाजलं. रडण्यात कोणाला ऐकू गेलं नाही. थांबावं तर वहिनीचा अपमान, अन् पाळकसाहेब समोरच उभे. ओढत राहिलो. भुसा आता उघड्या पेटीत तिच्या पांढऱ्या चादरीवर पडत होता. साठ. एकसष्टाला घंटा एका बाजूला कलली. मी डोळ्यांनी पाहिलं.

"सरका! पेटी उचला अन् सरका!"

पुतणी म्हणाली, "काका, अजून पुरे न्हाई झाले ना!"

"उचल म्हणतो ना!"

घंटा पडली नाही. पण वहिनी एकवीस ठोके कमी घेऊन गेली. कब्रस्तानाच्या वाटेवर शेजारचा शेतकरी धापा टाकत आला. "काहून गा, एकसष्टचं कोण गेलं? मले वाटलं तूच गेला, अन् आम्हाले वय वाढवून सांगत होता!"

मी पेटीमागं चालत राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाळकसाहेबांच्या दारात गेलो. "सुताराले बोलवा. तुमचंच खरं होतं," म्हटलं. मग आवारातल्या कडुनिंबाला लोखंडी रुळाचा तुकडा टांगला आणि उरलेले एकवीस ठोके हातोड्यानं मोजून दिले.