दिवाळीच्या सुट्टीचं उट्टं

निपाणीच्या चंदनाला कुणी लागेल असं बोललं, तर ती उलटून बोलत नाही. ती हसते. नवखा माणूस म्हणतो, काय गरीब बाई आहे! जुनी माणसं मात्र त्या हसण्याला टरकून असतात, कारण चंदना काहीही सोडून देत नाही, फक्त ठेवून देते.

शेजारच्या गुणाबाई चंदनाच्या लेकीच्या बारशात चारचौघींत म्हणाल्या होत्या, "चहा हाय का भांडी इसळल्यालं पाणी?" चंदना हसली. सहा वर्षांनी गुणाबाईंच्या सुनेचं डोहाळजेवण होतं. चंदनानं कपभर चहा शांतपणे संपवला, रिकामा कप पुढं केला आणि म्हणाली, "गरम पाणी पिऊन झालं, आता चहा येऊ दे की." सून तोंडाला पदर लावून आत पळाली. हे कशाबद्दल चाललंय ते गुणाबाईंना आठवेना. चंदनाला त्याचं काही वाटलं नाही. तिला आठवत होतं तेवढं पुरे होतं.

तिची पिठाची गिरणी आहे, आणि शेजारीच चटणी कांडायचा डंक. नवरा वृषभ दूध संघात नोकरीला, सरळ आणि थोडा भाबडा. गिरणी चंदनानं स्वतःच्या हिमतीवर उभी केली. नाकाला ओढणी बांधून सकाळी आठ ते दुपारी दोन आणि पुन्हा चार ते सहा ती तिथं उभी असते. डंकाच्या धडधडीत बोलायचं तर ओरडावं लागतं, म्हणून ती बोलते कमी आणि विचार जास्त करते. राग मुरवायला यापरती चांगली जागा निपाणीत नसेल.

आता मागच्या वर्षीची गोष्ट. वृषभचा थोरला भाऊ अभिनंदन, त्याची बायको निशा आणि मुलगा सम्मेद कागलला राहतात. अंतर वीसेक किलोमीटर, पण मधे कोगनोळीचा नाका, म्हणजे राज्यच बदललं. आणि राज्य बदललं की शाळेची सुट्टी बदलते. आपल्याकडं कर्नाटकात पोरं दसऱ्याला पंधरा-वीस दिवस उंडारतात आणि दिवाळीला तीन दिवसांत पुन्हा दप्तर उचलतात. कागलला बरोबर उलटं. चंदनाची दिव्या आणि निशाचा सम्मेद यांच्यात आठ महिन्यांचं अंतर, दोघं अकरा-बारा वर्षांची, एकमेकांवाचून करमायचं नाही, पण लांब कुठं जायचं म्हटलं की सुट्टीच जुळायची नाही.

खोपोलीच्या बाजूला ते मोठं पार्क आहे ना, उंच पाळण्यांचं आणि घसरगुंड्यांचं, तिथं जायचं खूळ दोघांच्या डोक्यात दोन वर्षं होतं. मोबाइलवर बघून बघून दिव्याला तिथले सगळे पाळणे पाठ झाले होते. कशात आधी बसायचं आणि कशात भूक लागायच्या आत बसायचं, सगळं ठरलं होतं. दिवाळीत निशानं बेत जाहीर केला, बुधवारी जायचं. त्या बुधवारी दिव्याची कन्नडची टेस्ट होती. चंदनानं तसं सांगितलं, तेव्हा निशा सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणाली, "तुमच्या कर्नाटकाच्या शाळास्नी दिवाळी म्हंजे काय ठावं तरी हाय का गं? जाऊ दे, पोरीचं कन्नड होऊ दे आधी." सगळे खो खो हसले. चंदनाही हसली.

निशाच्या घरची तिघं पार्कला गेली. बुधवारी दुपारी एकामागोमाग अकरा फोटो आले. टेस्ट देऊन आलेल्या दिव्यानं ते एकेक करून बघितले, फोन जागेवर ठेवला आणि आपला डबा विसळायला गेली. ती रडली असती तर चंदनाला बरं वाटलं असतं.

त्या दिवसापासून चंदनानं येईल त्याला सांगितलं, "माझ्या पोरीला टाकून गेली." अभिनंदन म्हणत होता की निशानं नंतर फोन करून बोलावलं होतं. वृषभनं बायकोला विचारलं. चंदना म्हणाली, "कसला फोन? कुणाचा फोन?" मग वृषभनं भावाला सुनावलं की वहिनी खोटं बोलत्यात. महावीर जयंतीच्या मिरवणुकीत दोघं भाऊ दोन टोकांना चालले.

जूनमध्ये शाळेची डायरी हातात पडल्या पडल्या चंदनानं दसऱ्याच्या सुट्टीचं पान दुमडून ठेवलं. या वर्षी पार्कला ती जाणार होती. नुसतं जाऊन भागणार नव्हतं. निशाला जाता येऊ नये आणि ते तिला झोंबावं, एवढं सगळं एका दिवसात बसवायचं होतं. कागलच्या शाळेतल्या एक बाई निपाणीला माहेरी आल्या की गहू दळून न्यायच्या. चंदनानं त्यांचं दळण आधी घेतलं, पीठ चाळून दिलं आणि गप्पांच्या ओघात सहामाहीचं वेळापत्रक काढून घेतलं. सम्मेदच्या सहावीचं गणित गुरुवारी होतं. तिनं गुरुवारची तिकिटं काढली.

"रविवारी जाऊया की," वृषभ म्हणाला. "अण्णाला पण इचारता येईल."

"रविवारी लई गर्दी असती," चंदना म्हणाली. ते खरंही होतं.

तयारी करताना मात्र ती नुसती फुलून आली होती. पाण्यात घालायचे कपडे आणले. दशम्या, शेंगाचटणी आणि कांदा-लसूण नसलेले तीन पदार्थ ठरले. सूर्य मावळायच्या आत जेवण व्हायला हवं म्हणून तिकडच्या सूर्यास्ताची वेळसुद्धा शोधून झाली. मोठ्या पाळण्यात बसायला ठरावीक उंची लागते, म्हणून दिव्याला दर रविवारी दाराच्या चौकटीशी उभं करून मोजलं. ऑगस्टमध्ये पोरगी पुरेशी उंच झाली तेव्हा दोघींनी मिळून पेढा खाल्ला. इतका आनंद त्या घरात बऱ्याच दिवसांनी झाला होता, आणि त्यातला निम्मा निव्वळ सुडाचा होता, हे चंदना स्वतःशी कबूल करत होती. तिला त्याची लाजही वाटत नव्हती.

मग आमंत्रण द्यायला ती दिव्याला स्कूटरवर मागं बसवून कागलला गेली. वर्षभरात पहिल्यांदा.

"आक्का, तुमच्या तिघांच्या जागा धरल्यात गाडीत," ती साखर पेरत म्हणाली. "गुरुवारी पार्कला. यायलाच पायजे."

निशानं भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं. "गुरुवारी सम्मेदचं गणित हाय गं."

"आगं बया! परीक्षा हाय व्हय? आमच्याकडं सुट्टी चालू, माझ्या ध्येनातच आलं न्हाय. तुमच्या महाराष्ट्राच्या शाळास्नी दसरा म्हंजे काय ठावंच न्हाय वाटतं."

निशाचा चेहरा पडला. कोपऱ्यात कंपास पेटी घेऊन बसलेल्या सम्मेदनं दिव्याकडं बघितलं. दिव्या फरशीकडं बघत राहिली. परत येताना नाक्याजवळच्या वाऱ्यात चंदनाला मोठ्यानं गावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दिव्याची वेणी घालत होती.

"मम्मी, रविवारी जाऊया. शनवारी सम्मेदचे पेपर संपत्यात."

"न्हाय. गेल्या वर्षी तुला टाकून गेले, इसरलीस व्हय?"

"टाकून न्हाय गेले," दिव्या पुढं बघत म्हणाली. "काकूचा फोन आलता. मी दाराआड होतो, फोन स्पीकरवर होता. काकू म्हणत होती, माझं चुकलं, मी असं सगळ्यांत बोलाय नको होतं. बुधवार ऱ्हाऊ दे, रविवारी जाऊया, दिव्याला घिऊन. तू म्हणालीस, माझी पोरगी तुमच्या उपकारावर जाणार न्हाय. आणि फोन ठिवलास."

चंदनाचा हात थांबला. पोरगी एकही शब्द चुकली नव्हती. त्या दिवशी फोन ठेवताना केवढं बरं वाटलं होतं! समोरून माफी आली होती आणि ती घ्यायची नाही, ठोकरायची, हे सुख तिला पार्कापेक्षा मोठं वाटलं होतं. रविवारी पोरगी गेली असती तर निशावर राग धरायला काही उरलंच नसतं. मग वृषभनं विचारलं तेव्हा एक खोटं बोलावं लागलं, आणि पुढं ते वर्षभर सांभाळावं लागलं.

"मोठ्या माणसांतलं तुला काय कळतंय?" तिनं वेणी आवळली. "गुपचूप यायचं गुरुवारी. पप्पास्नी ह्यातलं कायबी बोलायचं न्हाय."

"बरं," दिव्या म्हणाली.

दुसऱ्या कुणी इतक्या शांतपणे 'बरं' म्हटलं असतं तर चंदना सावध झाली असती. स्वतःच्या पोरीला मात्र ती अजून लहानच समजत होती.

बुधवारी निघून ते पुण्यात धर्मशाळेत राहिले आणि गुरुवारी दार उघडायच्या वेळी पार्कात हजर झाले. मनगटाला पट्टी बांधून घेतली. उंची मोजून झाली. मग दिव्या सगळ्यात उंच पाळण्याच्या समोरच्या बाकावर जाऊन बसली, पिशवीतून कन्नडचं पुस्तक काढलं आणि वाचायला लागली.

"चल की गं," वृषभ म्हणाला.

"नको पप्पा, तुमी जावा. मी हितं बसतो."

वृषभला वाटलं, घाबरली असेल. तो एकटाच दोन-तीनदा घसरून आला, भिजलेला आणि ओशाळलेला. चंदनानं समजावलं, आइस्क्रीम आणलं, दात ओठ खाऊन दटावलं. पोरगी आदळआपट करती तर दोन धपाटे घालून ओढत नेता आलं असतं. पण दिव्या प्रत्येक वेळी मान वर करायची, हसायची आणि "नको" म्हणायची. ते हसणं चंदनानं ओळखलं. ते तिचंच होतं.

दोन वाजता सम्मेद पेपर देऊन घरी येणार, तेव्हा निशाला व्हिडिओ कॉल लावायचा, हे कधीचं ठरलेलं होतं. चंदनानं फोन काढला. पण दाखवायचं काय? बाकावर कन्नड वाचणारी पोरगी? तिनं फोन परत पर्समध्ये टाकला. पोरगी काय वाचतेय तेही तिला कळत नव्हतं. तिची स्वतःची शाळा मराठीत झालेली, कन्नड बोलता येतं पण अक्षर वाचता येत नाही.

आणि तरी एक गोष्ट तिला दिसत होती. पाळणा वर जाऊन थांबला आणि माणसं किंचाळली की दिव्याची नजर पुस्तकावरून निसटायची. क्षणभरच. ओठ घट्ट मिटून ती पुन्हा ओळीवर बोट ठेवायची. एवढी हौस, एवढे दिवस वाट बघणं, आणि आता हाताच्या अंतरावर असताना ती ते आईवर सूड उगवायला वापरत होती. चंदनाला रडू आलं, आणि त्याहून जास्त संताप.

"किती दिस राग धरून बसणार हाईस?"

"तू किती दिस धरतीस?"

चंदनाला खोटं सांगता येईना. "फिटंपर्यंत."

"मग मी पण," दिव्या म्हणाली आणि पान उलटलं.

शुक्रवारी दुपारी परतताना कागल आलं, तसा वृषभनं गाडीचा वेग कमी केला. "अण्णाकडं डोकावूया? लई दिस झाले. पोराला खाऊ तरी दिऊ."

"घरी उशीर हुतोय," चंदना घाईनं म्हणाली.

"जाऊया पप्पा," मागून दिव्या म्हणाली, आणि वृषभनं गाडी वळवली.

निशानं दार उघडलं. ती नीट बोलली नाही, पण पाणी दिलं. दोघं भाऊ एकाच सोफ्यावर, मधे हातभर जागा सोडून बसले. सम्मेदला मात्र धीर नव्हता. तो दिव्यासमोर येऊन उभा राहिला. "कशाकशात बसलीस? त्या मोठ्यात बसलीस?"

"कशातच न्हाय."

"आं? का?"

दिव्यानं आईकडं बोट केलं नाही, आवाजही चढवला नाही. "मम्मी सांगती," ती म्हणाली.

खोलीतली सगळी माणसं चंदनाकडं बघायला लागली. हसून वेळ मारून नेणं तिला जमलं असतं. पोट दुखत होतं म्हटलं असतं तरी कुणी खोदून विचारलं नसतं. वृषभ तर लगेच मान डोलावून मोकळा झाला असता. पण समोर ती अकरा वर्षांची पोरगी हात मांडीवर ठेवून बसली होती. तिला कसली घाई नव्हती. आज नाही तर पुढच्या वर्षी, नाहीतर लग्न करून जाताना, ही कधी ना कधी वसूल करणार, हे चंदनाइतकं त्या घरात कुणालाच कळत नव्हतं.

तिनं पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि नवऱ्याकडं बघितलं.

"गेल्या वर्षी आक्कांचा फोन आलता," ती म्हणाली. "दिव्याला न्हेतो म्हणून. मीच न्हाय म्हणालो. आणि तुमास्नी खोटं सांगिटलं."