अक्काला गेलेला मेसेज

मी जिंतूरला एका शाळेत क्लार्क आहे. सही-शिक्का असेल तेवढंच खरं मानणारा माणूस. अंगात येणं, करणी, चकवा... असल्या गोष्टींना मी आयुष्यभर हसत आलो. म्हणून हे लिहायला इतके महिने लागले.

गेल्या श्रावणाच्या तोंडावर माझं सोशल मीडियाचं अकाउंट हॅक झालं. ओळखीच्या सगळ्यांना माझ्या नावानं एकच हिंदी मेसेज — दवाखान्यात आहे, अर्जंट पैसे पाठवा. दोघांनी पाठवलेही. सकाळीच परभणीला जाऊन सायबरवाल्यांकडे तक्रार दिली. परतीच्या वाटेवर फोनवर फोन. "तो मी नाही, अकाउंट हॅक झालंय, पैसे देऊ नका" — चाळीसेक जणांना हेच सांगितलं असेल.

दुपारी अक्काचा फोन आला.

अक्का माझी थोरली बहीण, वालूरला दिलेली. चार वर्षं आमचं बोलणं नव्हतं. वडील गेल्यावर पेडगावच्या जमिनीचं हक्कसोडपत्र मी तिच्याकडून करून घेतलं. तिनं काही न विचारता सही केली. मीच नंतर तोंड चुकवत राहिलो. पंचमीला तिला माहेरी आणायलाही कधी गेलो नाही.

"बापू, मेसेज वाचला रे. पंचमीला न्यायला येयलास म्हणं? गाडी करून ये बाबा, यष्टीत माझे गुडघे दुमडत न्हाईत आता."

सवयीनं तेच तोंडातून गेलं. "अक्का, ते मी न्हाई पाठवलं. अकाउंट हॅक झालंय. पैसे देऊ नकोस."

"पैसे कुठं मागितलेत त्यात?"

"तरी येतो," एवढंच म्हणायचं होतं. पण गेलो तर जमिनीचा विषय निघेल, ही भीती...

"बरं. ठिवते," ती म्हणाली.

पंचमी गेली. पोळ्याच्या आधी अक्काही गेली. हार्ट अटॅक.

दहाव्याला तिच्या सुनेनं अक्काचा फोन माझ्या हातात दिला. "मामा, हे स्टँडवरचं काय हाय? आमाला काईच कळंना."

मेसेज मराठीत होता. "अक्का, त्या दिवशी स्टँडवर मी नुसतं बघू म्हणलो. चुकलं माझं. या पंचमीला न्यायला येतो."

हक्कसोड झाल्यावर परभणीच्या स्टँडवर अक्कानं विचारलं होतं, "आता पंचमीला न्यायला येशील ना रे?" आणि मी बसची पाटी वाचत "बघू" म्हणालो होतो. आम्ही दोघंच होतो. मी हे बायकोलाही सांगितलेलं नाही.

मेसेजची वेळ सकाळी अकरा दहाची. तेव्हा माझा फोन सायबरवाल्यांच्या टेबलावर होता, साहेब स्वतः तो तपासत होते. पुढे त्यांना मेसेज दाखवला, तर म्हणाले, "तुम्हीच पाठवून विसरला असाल."

सून सांगत होती — "फोन ठेवल्यावर म्हणल्या, कामात असंल तो, येईल. पंचमीला नवं लुगडं नेसून दिवसभर ओट्यावर बसल्या. जेवा म्हणलं तर, बापू आल्यावर बसू म्हणल्या."

तो मेसेज कुणी लिहिला, हे आजवर मला कळलेलं नाही. शब्द माझेच होते, बोलायची ढब माझीच. फक्त मी लिहिला नव्हता... आणि तेच मला सहन होत नाही.